कुबट वासाची गोष्ट

मराठीत वासांसाठी जितके शब्द आहेत तितके रंगांसाठी तरी असतील का, अशी मला शंका आहे. खोबरं जुनं झालं की खवट. दूध तळाला लागलं की करपट. भिजवलेलं पीठ जास्त वेळ राहिलं की आंबूस. खूप दिवस बंद असलेली खोली कोंदट. आणि पावसाळ्यात नीट न वाळलेले कपडे घडी करून कपाटात टाकले, की चार दिवसांनी येतो तो कुबट.

हा कुबट फक्त कपाटात राहत नाही. गाडीत बसा, काचा वर करा, एसीचं बटण दाबा. पहिली दोन मिनिटं नाकाशी येतो तो हाच. आता एसीत ना कपडे, ना पीठ, मग तिथे कुबट व्हायला आहे तरी काय? हे शोधायला म्हणून वाचायला बसलो आणि वाचता वाचता पावणेदोनशे वर्षं मागे, फ्लोरिडातल्या एका डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन पोहोचलो. तेव्हा मंडळी, गाडी जरा उशिरा येणार आहे. थोडा धीर धरा.

या डॉक्टरचं नाव जॉन गॉरी. फ्लोरिडातल्या ॲपलाचिकोला नावाच्या छोट्या बंदरात तो राहायचा. चहूकडे दलदल, उन्हाळ्यात मरणाचा उकाडा, आणि दरवर्षी ठरल्यासारखी येणारी तापाची साथ. त्या काळातल्या बहुतेक डॉक्टरांप्रमाणे गॉरीचीही खात्री होती की हा ताप घाण हवेतून येतो. 'मलेरिया' या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच 'वाईट हवा'. दलदलीतून कुजका वास उठतो, तो श्वासातून आत जातो आणि माणूस तापाने फणफणतो, असा सरळ हिशोब. म्हणजे वास ही रोगाची खूण नव्हे, वास हाच रोग!

मग गॉरीने १८४० च्या दशकात आपल्या रुग्णांच्या खोलीत छताला बर्फाचं भांडं टांगलं. त्यावरून गार झालेली जड हवा खाली रुग्णांवर उतरायची. आता फ्लोरिडात बर्फ कुठला? तो जहाजाने यायचा, उत्तरेकडच्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला, लाकडाच्या भुशात बांधलेला. (याच धंद्यातला, फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याचा बर्फ १८३३ मध्ये बॉस्टनहून थेट कलकत्त्याला आला होता. पुढे मुंबईलाही येऊ लागला. आपल्या खापरपणजोबांच्या काळात अमेरिकेतला बर्फ भारतात विकला जात होता हे वाचून मी थक्कच झालो.) जहाज वेळेवर आलं नाही तर रुग्णांनी काय करायचं? म्हणून गॉरीने बर्फ तयार करणारं यंत्रच बनवलं. हवा दाबायची, तिची उष्णता काढून घ्यायची आणि मग तिला एकदम पसरू द्यायचं, म्हणजे ती थंड होते. १८५१ मध्ये त्याला या यंत्राचं पेटंट मिळालं. पैसे मात्र कोणी घातले नाहीत. १८५५ मध्ये हा माणूस जवळजवळ कफल्लक अवस्थेत वारला. नंतर फ्लोरिडाने १९१४ मध्ये त्याचा पुतळा वॉशिंग्टनच्या संसद भवनात उभा केला. पण मेल्यावर पुतळा उभारण्यात आपणही कुठे मागे आहोत!

मला यातली गंमत वाटते ती अशी. थंड हवेच्या यंत्राच्या अगदी सुरुवातीला जो माणूस उभा आहे, त्याने ते दुर्गंधी हवेशी लढायला बनवलं. आणि आज त्याच कुळातलं यंत्र आपल्या गाडीत दुर्गंधी हवा सोडतं.

गॉरीचं निदान चुकलं होतं. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दिसले आणि 'वाईट हवे'चा निकाल लागला. पण गॉरीने आणखी एक गोष्ट सांगितली होती. दलदलीतलं पाणी काढून टाका, जमीन कोरडी करा. कारण चुकीचं, उपाय अगदी बरोबर! डास पाण्यातच वाढतात. वासामागे धावणारा हा माणूस नकळत पाण्यापर्यंत पोहोचला होता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वासाशी लढाई आपल्याकडेही झाली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा गटारं कार्बोलिकने धुतली गेली. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दाट वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले. त्यामागचा एक हेतू होता की समुद्राचा वारा आतपर्यंत जावा आणि कोंदट हवा निघून जावी. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरत होता, हे सर्वांना पटायला अजून वेळ होता. पण रस्ते झाले ते बरंच झालं. आजही तिथून जाताना थोडाफार वारा लागतोच.

आता एसीकडे. खोलीत गारवा हवा म्हणून एसी निघाला असं आपल्याला वाटतं. तसं नाही. १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्याला अडचण आली होती. दमट हवेत कागद फुगायचा, कोरड्या हवेत आकसायचा. एकावर एक रंग छापताना रंग सरकायचे आणि चित्राचे ओठ गालावर जायचे. विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरला सांगण्यात आलं की हवेतलं पाणी आवर. त्याने गार पाणी फिरणाऱ्या नळ्यांवरून हवा नेली. फ्रीजमधला तांब्या बाहेर काढून ठेवला की त्याला घाम फुटतो ना, तसं हवेतलं पाणी नळ्यांवर जमलं आणि हवा कोरडी होऊन पुढे गेली. एसीचा खरा जन्म हा. तो आधी हवा वाळवणारं यंत्र आहे, गार करणारं नंतर.

आणि हवेतून काढलेलं पाणी कुठेतरी जायलाच हवं. सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे.

किती पाणी? साधा हिशोब करू. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता, म्हणजे मुंबईतला पावसाळ्यातला कुठलाही दिवस. अशा एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी असतं. तीच हवा १० अंशांपर्यंत गार केली तर तिच्यात जेमतेम साडेनऊ ग्रॅम मावतं. उरलेलं पंधराएक ग्रॅम पाणी नळ्यांवर जमतं. गाडीचा पंखा तासाला असे कित्येक घनमीटर फिरवतो. दमट दिवशी तासाभरात लिटरभर पाणी सहज निघतं. उभ्या गाडीखाली दिसणारं छोटं थारोळं ते हेच. ते दिसलं की पुष्कळ लोक घाबरतात. खरं तर एसी चालू असून ते दिसलं नाही तर घाबरावं.

गाडीत गारवा आणायचे पहिले प्रयत्न मात्र आपल्या नागपूरकरांना ओळखीचे वाटतील. अमेरिकेच्या वाळवंटी भागात १९३० नंतर गाडीच्या खिडकीला एक नळकांडं लटकवायचे. आत भिजवलेला लाकडाचा भुसा, त्यातून वारा आत यायचा. म्हणजे आपला कूलरच! वाळ्याच्या ओल्या ताट्यांमागे बसून ज्यांनी दुपारी काढल्या त्यांना हे सांगायला नको. फरक एवढाच की ओला वाळा निदान सुरुवातीला तरी सुगंधी असतो. हंगामाच्या शेवटी कूलरच्या टाकीला कसला वास येतो हे विदर्भातल्या आमच्या नातेवाईकांनीच सांगावं.

खरा, यंत्राचा एसी पहिल्यांदा गाडीत दिला तो पॅकार्ड कंपनीने, १९४० च्या मॉडेलमध्ये. किंमत २७४ डॉलर. त्यातला थंड भाग मागच्या सीटच्या पाठीमागे होता आणि निम्मी डिकी खाऊन टाकायचा. आणखी मजा म्हणजे तो बंद करायची सोयच नव्हती. गार वाटायला लागलं की गाडी थांबवा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि पट्टा काढून ठेवा! १९४१ नंतर हा प्रकार बंद पडला. १९५३ मध्ये क्रायस्लर आणि जनरल मोटर्सने पुन्हा सुरुवात केली, आणि १९५४ मध्ये नॅश कंपनीने हीटर, पंखा आणि एसी एकत्र करून सगळं गाडीच्या पुढच्या भागात, बॉनेट आणि डॅशबोर्डच्या खाली बसवलं. डिकी मोकळी झाली, किंमतही उतरली. आज आपल्या सगळ्यांच्या गाड्यांत थोड्याफार फरकाने हीच रचना आहे.

माझ्या मते कुबट वासाच्या इतिहासात १९५४ हे साल मोठ्या अक्षरात लिहायला हवं. कारण त्या वर्षी ओला भाग डॅशबोर्डच्या आत, अंधारात, जिथे हात पोहोचत नाही अशा जागी जाऊन बसला. आपले मेकॅनिक त्याला 'कूलिंग कॉइल' म्हणतात. ती साफ करायची म्हटली की पुढचं वाक्य ठरलेलं, "साहेब, डॅशबोर्ड खोलावा लागेल."

आपल्याकडे हे सगळं उशिराच आलं. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या काळात एसी म्हणजे बाहेरून बसवून घेतलेला, डॅशबोर्डखाली लटकणारा खोका. आमच्या एका काकांच्या पद्मिनीत तो होता. पुढे बसणाऱ्याच्या पायावर टपटप पाणी पडायचं, म्हणून त्या सीटसाठी भांडण होण्याऐवजी टाळाटाळ व्हायची. मग मारुती आली. १९८५ मध्ये डेन्सो आणि सुझुकीच्या सहकार्याने सुब्रोस ही कंपनी गाड्यांच्या एसीसाठी उभी राहिली, आणि हळूहळू एसी ही चैन न राहता गाडीचा भागच झाला. काकांच्या गाडीतलं पाणी पायावर पडायचं, त्यामुळे ते दिसायचं तरी. आता ते दिसत नाही. दिसत नाही म्हणून आठवतही नाही.

लोक आधी गॅसवर संशय घेतात, तर तेही पाहू. फ्रीजच्या सुरुवातीच्या काळात अमोनिया किंवा सल्फर डायऑक्साइड वापरत. गळती झाली की नाक झोंबायचं आणि लोक घराबाहेर पळायचे. १९२८ मध्ये टॉमस मिजलीच्या गटाने फ्रीऑन शोधला. त्याला जवळजवळ वास नाही, तो पेटत नाही. १९३० मध्ये मिजलीने रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवून दाखवली. पुढे या गॅसने ओझोनच्या थराची वाट लावली ती वेगळी गोष्ट. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर गाड्यांत दुसरा गॅस आला. सांगायचा मुद्दा, कुबट वास आणि गॅस यांचा संबंध नाही. गॅस भरून कुबटपणा जात नाही.

मग तो कोणाचा? १९८४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की काही रुग्णांना गाडीचा एसी लावला की दम्याचा आणि ॲलर्जीचा त्रास होतो, आणि त्या एसींमध्ये बुरशी सापडते. न्यू ऑर्लिन्स म्हणजे आपल्या कोकणासारखीच दमट हवा. १९९७ मध्ये अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी गाड्यांच्या कूलिंग कॉइल तपासल्या, तर त्यांवर बुरशीने रीतसर वसाहत केलेली. पेनिसिलियमच्या जातीची, म्हणजे पेनिसिलिनच्या भाऊबंदांपैकीच. अंधार आहे, ओल आहे, आणि खायला आपणच आणून दिलेली धूळ, कपड्यांचे धागे, पानांचा चुरा. बुरशीला आणखी काय हवं? ती आणि तिच्यासोबतचे जिवाणू जे वायू सोडतात, तो आपला कुबट. कॉइल भिजते किंवा वाळते त्या वेळी हे वायू सर्वात जास्त सुटतात, म्हणून वास येतो तो एसी लावल्यावर पहिली दोन मिनिटं, किंवा बंद केल्यावर नुसता पंखा चालू राहिला की.

कंपन्यांनीही उपाय शोधले. कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर असा लेप द्यायला लागले की पाण्याचे थेंब न होता पातळ थर होऊन ते खाली निथळावं. त्यातल्या काही लेपांना स्वतःचाच ओल्या सिमेंटसारखा वास यायचा. घ्या! मग तो घालवायला दुसरे लेप. हवेला गाळणी लावायची कल्पना तर नॅशने १९३८ मध्येच हीटरसाठी आणली होती, पण आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत कित्येक वर्षं ती नसायचीच.

आणि बाकीच्या जगाने काय केलं? अत्तर लावलं. आरशाला लटकणारं पुठ्ठ्याचं छोटं झाड तुम्ही पाहिलंच असेल. ते १९५२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाऊनमध्ये ज्युलियस सेमान या गृहस्थांनी काढलं. एका दूधवाल्याने गाडीत सांडलेल्या दुधाच्या वासाची तक्रार केली, त्यातून ते सुचलं म्हणतात. तारखा पाहा. १९५२ मध्ये अत्तराचं झाड, १९५३ मध्ये एसी पुन्हा बाजारात. वास आणि वासावरचं पांघरूण, दोघं जोडीनेच मोठे झाले.

हे पांघरूण मला का खटकतं ते सांगतो. आमच्या घरातली जी मंडळी हे वाचतात त्यांना ठाऊक आहे की बाबांना दमा आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या गाडीने कुठे जायचंच बंद केलं. कारण विचारलं तर म्हणायचे, "तुम्ही व्हा पुढे, मी एस्टीने येतो. खिडकीजवळ बरं वाटतं." पंच्याहत्तरी उलटलेला माणूस कोल्हापूरपर्यंत एकटा एस्टीने, आणि आम्ही चौघं गाडीत. आईला वाटे त्यांना कशाचा तरी राग आलाय. ज्या गॅरेजमध्ये गाडी जायची तिथे वासाबद्दल सांगितलं, तर त्यांनी एकदा गॅस भरला आणि दुसऱ्यांदा डॅशबोर्डवर मोगऱ्याची बाटली चिकटवून दिली. दोन्हीचे पैसे घेतले. मोगऱ्याने बाबांचा खोकला वाढला.

शेवटी ओळखीच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने गाडीखाली शिरून आधी पाणी जायची नळी शोधली. ती गच्च बंद. आमची गाडी सोसायटीतल्या गुलमोहराखाली उभी असते. त्याची बारीक पानं पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत जातात आणि चिखल होऊन बसतात. तार घातल्यावर काळंशार पाणी आलं, बरंच आलं. मग गाळणी बदलली, कॉइलवर फेस मारला, तो धुऊन निघेपर्यंत वाट पाहिली. डॅशबोर्ड खोलावा लागला नाही. निघताना त्यांनी एकच सांगितलं, "घर यायच्या पाच मिनिटं आधी एसी बंद करा, पंखा चालू ठेवा आणि बाहेरची हवा घ्या. ओलं ठेवून झोपू नका." आज काही नव्या गाड्यांत तर इंजिन बंद झाल्यावर पंखा आपोआप फिरून कॉइल वाळवतो. म्हाताऱ्याने पाच मिनिटांत सांगितलं तेच.

(जाता जाता, वास गोडसर असेल आणि काचेवर चिकट धुकं धरत असेल तर तो कुबट नव्हे. हीटरमधून इंजिनचं कूलंट गळत असतं. आणि जळकट वास आला तर गाडी बाजूला घ्या, ब्लॉग नंतर वाचा.)

बाबांचा दमा गेला नाही, तो असा जातही नाही. पंप खिशात असतोच. पण गेल्या गणपतीत ते पुढच्या सीटवर बसून आमच्याबरोबर कोल्हापूरला आले, साताऱ्यापर्यंत राजकारणावर बोलले आणि नंतर झोपले.

मला वाटतं गॉरीच्या काळात लोक वासाला फार घाबरत होते, आणि आपण त्याला फारच हलक्यात घेतो. त्यांना वास म्हणजे मृत्यू वाटायचा, आपल्याला ती पाहुण्यांसमोरची लाज वाटते. म्हणून त्यांनी त्याच्याशी युद्ध केलं आणि आपण त्याच्यावर मोगरा शिंपडतो. पण वास बिचारा निरोप्या आहे. कुठेतरी पाणी साचलंय, एवढंच तो सांगत असतो. भिंतीला ओल आली, टाकीला शेवाळं धरलं, नळी तुंबली, की पहिली बातमी नाकच आणतं.

असो. पावसाळा तोंडावर आहे. गाडीखाली थारोळं पडतंय का, तेवढं एकदा वाकून पाहा.